नवा टर्बो पुन्हा गेला? टर्बो सोडून बाकी सगळं आधी तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. डिझेल गाडी, लाखाच्या पुढे पळालेली. खंबाटकी किंवा कसारा चढताना मध्येच पिकअप जातो. पाय पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही, मागचे ट्रक हॉर्न वाजवायला लागतात आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘टर्बो गेला.’ टर्बो बदलला जातो, पाच आकडी बिल होतं, काही महिने गाडी छान पळते आणि एके दिवशी त्याच घाटात पुन्हा तेच. दुसराही गेला की मालक वैतागून विचारतो: कंपनीनं टर्बोऐवजी सुपरचार्जर दिला असता तर ही कटकट नसती ना?

नसती, पण दुसरी असती. ती कुठली, ते पुढे सांगतो. आधी हे पक्कं करून घ्या की टर्बो स्वतःच्या दोषानं क्वचित जातो. बहुतेक वेळा इंजिनातली दुसरी काहीतरी गोष्ट त्याला मारते, ती तशीच राहते आणि नव्या टर्बोलाही मारते. म्हणून ‘टर्बो गेला’ हे निदान नव्हे. तो का गेला हे सापडेपर्यंत नवा टर्बो बसवू नका आणि जुना दुकानात एक्सचेंजला देऊन टाकू नका.

दोघांत फरक कुठे आहे

काम दोघांचं एकच: सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त इंधन नीट जळेल. ताकद कुठून घ्यायची यात फरक आहे. सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून पट्ट्यानं फिरतो. पिठाच्या गिरणीत मोटर चालू झाली की जातं फिरणारच, तसाच हा इंजिनासोबत पहिल्या फेऱ्यापासून फिरतो. त्यामुळे पाय दाबला की लगेच ओढ मिळते, पण ती ओढ तो इंजिनाकडूनच घेतलेल्या ताकदीवर देतो आणि मायलेजमध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

टर्बो सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. ही ताकद जवळपास फुकटची, म्हणून डिझेल मोटारींमध्ये सर्रास टर्बोच दिसतो. पण फुकटच्या ताकदीबरोबर छळही येतो. सुपरचार्जरचे रोटर साधारण १५-२० हजार फेऱ्यांपर्यंत जातात; लहान मोटारीचा टर्बो मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो. एका बाजूला डिझेलचा ७००-८०० अंशांचा धूर (पेट्रोलला त्याहून बराच जास्त), दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मध्ये पेन्सिलीएवढा शाफ्ट. बहुतेक गाड्यांत या शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि ते ऑइल इंजिनाचं असतं. बहुतेक सुपरचार्जरच्या गिअरना स्वतःचं वेगळं, सीलबंद ऑइल असतं. इंजिनात ऑइल घाण झालं तर सुपरचार्जरला फारसं कळत नाही. टर्बोला सगळ्यात आधी कळतं.

घाटाचाही इथे थेट संबंध आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९४-९५ आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. सुपरचार्जर इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला, त्यामुळे हवा विरळ झाली की त्याचं काम तेवढं कमी पडतं. टर्बो जास्त वेगानं फिरून ती तूट भरून काढतो. हा त्याचा मोठा गुण, पण याचाच अर्थ असा की सपाटीवर तो जी गळती गुपचूप सांभाळून घेतो, ती घाटात त्याला झेपत नाही. म्हणून बिघाड घाटात ‘होतो’ असं वाटतं. खरं तर तो आधीपासून असतो.

आधी ठरवा, बिघाड आहे की नुसता लॅग

पसरणी घाटात वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १२००-१३०० फेऱ्यांवर येते आणि मेल्यासारखी होते. १८००-२००० च्या पुढे गेली की एकदम झेप घेते. हा बिघाड नाही, यालाच लॅग म्हणतात. टर्बोला फिरवायला पुरेसा धूरच येत नसतो. १.३ लिटरच्या लहान डिझेल इंजिनात हे जास्त जाणवतं. उपाय एकच, वळणाआधी पहिला गिअर. या तक्रारीवर टर्बो बदललेल्या गाड्या आहेत आणि बदलल्यानंतरही त्या वळणावर तशाच मरतात, कारण काही बिघडलेलंच नव्हतं. नेमकी इथे सुपरचार्जरवाली गाडी सरस ठरते हेही मान्य करायला हवं.

बिघाडाची खूण वेगळी. खंडाळ्याच्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २५०० फेरे चालू आहेत, आणि तरीही ओढ नाही. किंवा आधी ओढ होती, मग दोन मिनिटांनी झटक्यात गेली. किंवा महिन्याभरापूर्वी हाच चढ हीच गाडी आरामात चढत होती. यातलं काही असेल तर पुढे वाचा.

गाडी बंद करून चालू केली की ठीक होते?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. उत्तर ‘हो’ असेल तर टर्बो शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे. तुटलेला शाफ्ट चावी फिरवून जुळत नाही. इथे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) दाब अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त दिसला आणि त्यानं इंजिन वाचवायला ताकद कापली. यालाच लिंप मोड म्हणतात. स्कॅनरवर पी ०२९९ आला तर दाब कमी पडला, पी ०२३४ आला तर जास्त झाला. या दोन कोडची कारणं जवळपास उलटी आहेत, पण गॅरेजमध्ये दोघांवर एकच औषध दिलं जातं, नवा टर्बो. कोड पुसण्याआधी त्याचा आकडा आणि त्यासोबत साठवलेली माहिती (किती फेरे, किती दाब, किती तापमान) मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एकदा पुसला की पुन्हा घाट गाठावा लागतो.

स्कॅनर हातात आहेच तर एक फुकटची तपासणी करून घ्या. चावी चालू, इंजिन बंद. मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बघा. इंजिन बंद असताना तिथे फक्त बाहेरच्या हवेचा दाब असतो, म्हणजे पुण्यात ९४-९५ दिसायला हवा, मुंबईत किंवा पणजीत १०१ च्या जवळ. पुण्यात उभ्या गाडीत सेन्सर ११० सांगत असेल तर तो ईसीयूशी खोटं बोलतोय. बहुतेकदा तो ईजीआरच्या (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या व्यवस्थेच्या) काजळीनं आणि ऑइलनं माखलेला असतो. काढा, सेन्सरच्या स्प्रेनं धुवा, वाळवा, पुन्हा आकडा बघा. सुधारला नाही तर बदला. टर्बोच्या किमतीपुढे ही किंमत किरकोळ आहे.

मग रस्त्यावरची चाचणी. शेजारी एकाला स्कॅनर घेऊन बसवा. चालवणाऱ्यानं पडद्याकडे बघायचं नाही. मोकळ्या चढावर तिसरा गिअर, १५०० फेऱ्यांपासून पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत. ‘मागितलेला दाब’ आणि ‘मिळालेला दाब’ या दोन रेषा शेजारीशेजारी नोंदवा. मिळालेला दाब सगळीकडेच मागे राहतोय: गळती, किंवा टर्बोची हलणारी पाती (त्यांच्याबद्दल पुढे सांगतो) उघडी अडकली. आधी मागे राहतो आणि मग मागितल्याच्या वर उसळतो, तेवढ्यात ताकद जाते: पाती चिकटतात. दोन्ही रेषा जुळतात आणि तरी गाडी ओढत नाही: टर्बोला सोडा, डिझेल फिल्टर, रेलचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब, क्लच, ब्रेक चिकटणं, इथे शोधा.

होज, क्लिपा आणि मातीची रेघ

दाब कमी पडण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि इंटरकूलर ते इंजिन या वाटेवरचा फाटलेला रबरी होज. तो फाटतो खालच्या बाजूला, कारण आतलं ऑइल तिथे साचून रबर मऊ पडतं. वरून हात फिरवला तर काही लागत नाही. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते. आत दाब आला, रबर तापलं की ती उघडते. म्हणून गॅरेजमध्ये रेस देऊन बघितलं तर सगळं ठीक आणि घाटात बोंब.

होज काढा, पिळा, वाकवा. त्याआधी बाहेरून एक गोष्ट बघा. जिथून हवा निसटते तिथून ऑइलचा बारीक फवाराही निसटतो आणि त्यावर धूळ चिकटते. कोकणातून आलेल्या गाडीत इंटरकूलरच्या तोंडाशी तांबड्या मातीची ओलसर रेघ दिसली, तर गळती तिथेच आहे. क्लिपेच्या आत नुसता किंचित तेलकटपणा असेल तर घाबरू नका. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारं थोडं ऑइल प्रत्येक टर्बो गाडीत त्या पाइपांतून फिरत असतं. ‘पाइपात ऑइल आहे म्हणजे टर्बोचं सील गेलं’ हे वाक्य किती टर्बोंचा बळी घेऊन गेलं आहे कोण जाणे.

स्मोक मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम. नसेल तर एअर फिल्टरच्या बाजूचं तोंड बुचानं बंद करून अर्ध्या बारपर्यंत हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. अर्ध्या बारच्या वर जाऊ नका, टायरचा कॉम्प्रेसर सरळ जोडून तर मुळीच नाही. इंटरकूलरचं प्लॅस्टिकचं टोक जिथे ॲल्युमिनियमला चिमटलेलं असतं तिथेही बुडबुडे बघा, ती जागा हमखास सुटते.

गळती किरकोळ आहे म्हणून तशीच चालवली तर काय होतं हे समजून घ्या. ईसीयूला ठरलेला दाब हवा असतो. हवा बाहेर जातेय म्हणून तो टर्बोला आणखी पिळतो. टर्बो ठरल्या वेगापुढे फिरत राहतो आणि शेवटी खरोखर जातो. कारण शे-दोनशे रुपयांची क्लिप, बिल टर्बोचं. आणि नव्या टर्बोवर जुनीच क्लिप राहिली तर घड्याळ पुन्हा सुरू होतं. कचऱ्यानं भरलेला एअर फिल्टर आणि बाजारात मिळणारे ‘पॉवर वाढवणारे’ डबेही हेच करतात, टर्बोला त्याच्या वेगाच्या पलीकडे ढकलतात.

पाती अडकली असतील तर

बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा टर्बो असतो. टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्यांची कडी असते. कमी फेऱ्यांवर पाती मिटून धुराचा झोत जोरात मारतात, जास्त फेऱ्यांवर उघडतात. रोज सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत ही पाती काजळीनं जाम होतात. मिटलेल्या अवस्थेत चिकटली तर चढावर दाब उसळतो आणि ईसीयू ताकद कापतो. गाडी शहरात बरी चालते हेही त्यामुळेच.

पाती हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडा, एकाला गाडी चालू करायला सांगा, तुम्ही टर्बोच्या दांडीकडे बघा. इंजिन चालू झाल्यावर दांडी एका दमात पूर्ण ओढली जायला हवी आणि बंद केल्यावर तशीच परत यायला हवी. अडखळत, टप्प्याटप्प्यानं आली तर पाती जाम. अजिबात हलली नाही तर टर्बोवर आरोप करण्याआधी व्हॅक्यूमची नळी बघा. ती बारीक रबरी नळी उष्णतेनं टोकाला तडकते. तडकलेलं टोक कापून पुन्हा खोचलं की काही गाड्या तिथल्या तिथे बऱ्या होतात. नळी चांगली असेल तर हाताच्या व्हॅक्यूम पंपानं ॲक्च्युएटर ओढून बघा: दांडी हलून तिथेच टिकली पाहिजे, खाली आली तर आतला पडदा फाटला. मग बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड (व्हॅक्यूम कमी-जास्त सोडणारी विजेची झडप), मग व्हॅक्यूम पंप. वेस्टगेटवाल्या (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप असलेल्या) साध्या टर्बोत मात्र दांडी दाबावर चालते आणि ती आयडलवर हलत नाही, तेव्हा ही चाचणी त्याला लावू नका.

पाती साफ करायची तर टर्बो उतरवून, उघडून करा. स्प्रे मारून काही होत नाही असं नाही, पण फार दिवस टिकत नाही. आणि उघडताना एका स्क्रूला हात लावायचा नाही. दांडीच्या लिव्हरजवळ एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, अनेकदा रंगाचा ठिपका मारलेला. पाती किती मिटायची ते तो ठरवतो आणि कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून तो बसवलेला असतो. ‘थोडा फिरवला की पिकअप वाढतो’ म्हणणारे भेटतील. वाढतो, आणि लिंप मोडही वाढतो. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असेल तर जोडल्यावर स्कॅनरनं त्याला शिकवावं लागतं, ते न करता गाडी दिली तर कोड पुन्हा येणारच.

नवा टर्बो का मरतो

खरं भांडण इथे आहे. जुना टर्बो हातात घ्या आणि बघा, तो बरंच सांगतो. हवेच्या बाजूच्या चाकाची पाती चावल्यासारखी झाली असतील तर बाहेरून काहीतरी आत गेलं: फिल्टरच्या डब्यातला खडा, विसरलेला नट, फडक्याचा तुकडा. धुराच्या बाजूचं चाक तुटलं असेल तर इंजिनातून काहीतरी आलं, ग्लो प्लगचं टोक किंवा व्हॉल्व्हचा कण. असं असेल तर आधी इंजिन उघडा. हवेच्या चाकाच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडले असतील तर टर्बो अतिवेगानं फिरला, म्हणजे पुन्हा गळती आणि दाबाकडे. शाफ्ट बेअरिंगजवळ निळा-काळा पडला असेल तर ऑइल मिळालं नाही. गोल चरे पडले असतील तर ऑइल मिळालं पण घाण मिळालं.

शाफ्ट बोटांनी हलवून ‘प्ले आहे’ म्हणत टर्बो बाद करणाऱ्यांपासून सावध राहा. ऑइलवर तरंगणारा शाफ्ट कोरडा असताना आजूबाजूला थोडा हलतोच. चाक हाउसिंगला घासत नाही तोवर ते चालतं. पुढे-मागे खेचून मात्र हालचाल बोटांना जाणवता कामा नये.

आता ऑइलची वाट. टर्बोला वरून बारीक पाइपनं ऑइल येतं आणि खालून जाड पाइपनं नुसतं उतारानं चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) परत जातं. वरचा पाइप गरम मॅनिफोल्डजवळून जातो, त्यामुळे आत कोळशाचा कडक थर धरतो. बाहेरून पाइप चकचकीत, आतून भोक निम्मं. हवा मारून किंवा डिझेलनं धुवून हा थर निघत नाही. नव्या टर्बोबरोबर हा पाइप नवाच घ्या, यात काटकसर नको. काही इंजिनांत त्या पाइपाच्या पोकळ बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती चोंदलेली असतेच असते. युरोपात प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्डच्या १.६ लिटर डिझेलनं याच दुखण्यासाठी नाव कमावलं. इंजेक्टरखालच्या वॉशरमधून जळका वायू निसटून हेडमध्ये ऑइलचा कोळसा व्हायचा आणि तो जाळीत, स्ट्रेनरमध्ये (चेंबरमधून ऑइल खेचणाऱ्या तोंडाच्या गाळणीत) अडकायचा. टर्बोमागून टर्बो बदलले गेले, पण गुन्हेगार इंजेक्टरचा वॉशर. तुमच्या गाडीत इंजेक्टरच्या बुंध्याशी डांबरासारखा काळा घट्ट थर दिसला आणि आयडलवर ‘चुक-चुक’ आवाज आला तर हीच शंका घ्या.

म्हणून नवा टर्बो बसवण्याआधी चेंबर उतरवून स्ट्रेनर बघायचा. गाळ असेल तर साफ करायचा, ऑइल आणि फिल्टर नवं टाकायचं. ऑइलचा ग्रेड पुस्तिकेत लिहिलाय तोच. ‘जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला टर्बोला थंड सकाळी उपाशी ठेवतो. बसवल्यावर परतीचा पाइप बाटलीत सोडून आयडलवर किती ऑइल येतं ते मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. नुसता ‘येतंय की’ म्हणून चालणार नाही.

परतीच्या पाइपाकडे तर कुणी बघतच नाही. तो वाकलेला असेल, आत गाळ असेल, किंवा ब्रीदर चोंदून चेंबरमध्ये दाब वाढला असेल, तर टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही आणि सीलमधून हवेच्या आणि धुराच्या बाजूला निघतं. निळा धूर येतो. सील गेलं म्हणून टर्बो बदलतात आणि नवाही पहिल्या दिवसापासून धूर सोडतो. साधी चाचणी: इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडून सैल ठेवा. ते नाचायला लागलं, खालून भपकारे आले, तर ब्रीदर किंवा पिस्टनच्या रिंगा बघा. रिंगा गेलेल्या इंजिनावर नवा टर्बो म्हणजे पैसे पाण्यात.

सगळ्यात चीड आणणारं कारण मात्र सीलंटची ट्यूब. ऑइलच्या फ्लँजवर गॅस्केटऐवजी किंवा गॅस्केटवर सीलंट फासतात. बोल्ट आवळला की जादा सीलंट आतल्या बाजूला मण्यासारखं बाहेर येतं, सुकतं, तुटतं आणि बारीक भोकात जाऊन बसतं. ऑइलच्या तोंडांवर कोरडं गॅस्केटच लावायचं. उभं राहून बघा, हवं तर हात धरा.

निळ्या धुराबद्दल एक धोक्याची गोष्ट. टर्बो फुटून इंटरकूलरमध्ये ऑइल भरलं तर डिझेल इंजिन ते ऑइल पिऊन स्वतःच रेस घेतं. चावी काढली तरी बंद होत नाही, कारण त्याला आता तुमच्या डिझेलची गरज नसते. मॅन्युअल गाडी असेल तर गाडी थांबवून ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन मारा. ते जमलं नाही तर लांब व्हा, बॉनेटखाली हात घालू नका. आणि दुरुस्तीत इंटरकूलर उतरवून पूर्ण धुतलं पाहिजे. आत जुनं ऑइल आणि फुटलेल्या चाकाचे कण राहिले तर दुसरी फेरी ठरलेली.

काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. हे पुन्हा गळती किंवा पात्यांकडे जातं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असल्यानं हा धूर सहसा दिसतच नाही. तो फिल्टरमध्ये साठतो, फिल्टर चोंदतो, मागून दाब येतो आणि टर्बो भाजून निघतो. अशा गाडीत स्कॅनरवर डीपीएफचा दाबफरक बघितल्याशिवाय टर्बोबद्दल मत देऊ नका.

टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल थोडक्यात: तिथे व्हीजीटी जवळपास नाहीच, वेस्टगेटचा खडखडाट आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा आधी बघा. मिसफायर होत असेल तर प्लग आणि कॉइल.

सुपरचार्जर असता तर

आता मूळ प्रश्न. सुपरचार्जरला इंजिनाच्या घाण ऑइलचं भय कमी, धुराची उष्णता नाही, काजळी नाही. यातल्या अर्ध्याअधिक तक्रारी त्याला होतच नाहीत. त्याच्या तक्रारी वेगळ्या: पट्टा घसरणं, टेन्शनर सैल पडणं, पुलीचं बेअरिंग ओरडणं, पुली आणि रोटर यांच्यामधला कपलर झिजून आयडलवर खडखड करणं. बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला की दाबच बनत नाही आणि मालक तिथेही ‘सुपरचार्जर गेला’ म्हणतो. पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर असेल तर त्याचा छोटा विजेचा पंप मरतो, हवा तापते आणि ईसीयू उन्हाळ्यात ताकद कापतो. आपल्याकडे सुपरचार्जर बघायचा तर ‘कॉम्प्रेसर’ लिहिलेल्या जुन्या सी-क्लास मर्सिडीजमध्ये, ज्यांची जुळवणी पुण्यातच व्हायची. अशी सेकंडहँड गाडी घेताना थंड इंजिनावर पुलीजवळ कान द्या. ‘बेअरिंगचा आवाज थोडा असतोच’ यावर विश्वास ठेवू नका.

टर्बो गाडीच्या मालकाची तक्रार ही काही आजची गोष्ट नाही. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. मोटारीत तो विकायला आला १९६२ मध्ये, अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअरमध्ये. जेटफायरमध्ये नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीतून इंजिनात सोडत. टाकी रिकामी झाली की एक झडप दाब कापून टाकायची. मालक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करायचे. लिंप मोडचा हा पूर्वजच म्हणायचा. शेवटी कंपनीनं बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. दोघांचे गुण एकत्र आणायचा प्रयोग फोक्सवॅगननं २००५ मध्ये १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनात केला, कमी फेऱ्यांवर सुपरचार्जर आणि जास्त फेऱ्यांवर टर्बो. ओढ छान होती, पण भाग दुप्पट म्हणजे बिघडायच्या जागाही दुप्पट, आणि कंपनीनं पुढे तो सोडून दिला.

साध्या गाडीत बाहेरून सुपरचार्जर बसवून घेण्याचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच जास्त असतं, त्यात दाबलेली हवा गेली की नॉकिंग होतं आणि पिस्टन फुटतात. शिवाय कंपनीनं दिलेल्या इंजिनात असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं.

बसवताना आणि बसवल्यावर

नव्या टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओता, हातानं चाक फिरवा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून काही सेकंद नुसता स्टार्टर मारा, म्हणजे इंजिन चालू होण्याआधी ऑइल पोहोचेल. मग जोडा, चालू करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवरच ठेवा. चालू झाल्या झाल्या ‘टर्बो बोलतोय का बघू’ म्हणून रेस मारणाऱ्याला लांब उभं करा. ऑइलच्या पाइपाचं बिल वेगळं लिहून घ्या. गॅरंटीत टर्बो परत करायची वेळ आली तर दुकानदार बहुधा आधी तेच मागतो.

घाट चढून ढाब्यावर थांबलात की चावी लगेच काढू नका, अर्धा-एक मिनिट आयडलवर राहू द्या. पण ज्यानं शेवटचे पाच किलोमीटर गल्लीबोळातून हळू चालवली, त्याला घराखाली थांबून हे करायची गरज नाही. टर्बो आधीच थंड झालेला असतो.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलून घ्या, चेंबरमध्ये सुटलेला जुना गाळ त्यात येतो. त्याच दिवशी होजच्या सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा. मग त्याच घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, तीच चाचणी करा आणि दोन्ही रेषा जुन्या नोंदीशेजारी ठेवून बघा. पाय पूर्ण दाबून दाब स्थिरावल्यावरही मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबात १०-१५ किलोपास्कलचा फरक राहत असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. गॅरेजवाला ‘चालवून बघा, सेट होईल’ म्हणेल. टर्बो चालवून सेट होत नाही. होजच्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करायला सांगा.